मास्तर सुटले

नाशिकच्या गंगापूर रोडवर रोज सकाळी फिरताना भेटणारे हे गृहस्थ मनमाडला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर जुन्या मित्रांच्या बातम्या पोचवण्याचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं, पण भाषा रेल्वेचीच ठेवली. कुणी मुलीकडे राहायला गेला की "सुटला", दवाखान्यातून घरी आला की "सुटला", आणि वारला तरी "सुटला". बातमी स्टेशनातल्या घोषणेसारखी, दोनदा आणि मोठ्यानं. अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

एकदा म्हणाले, "आपले घोटीचे मास्तर सुटले. मास्तर सुटले."

मास्तर आम्हा दोघांचे मित्र. पंधरा दिवस दवाखान्यात होते.

"म्हणजे कसे सुटले हो?"

"मला काय ठाऊक! सांगणारा एवढंच बोलला."

"मग विचारायचं नाही?"

"तुम्ही करा की फोन. काय विचाराल? मास्तर आहेत का?"

मलाही धीर झाला नाही. दोघं एसटीनं घोटीला निघालो. फळं घ्यावीत की हार, हे ठरेना, म्हणून रिकाम्या हातांनीच पोचलो. दारात चपलांचा ढीग होता. ह्या गृहस्थांनी मला पुढं ढकललं. तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला, "कोण आहे रे? आत या आणि दार लावा, माशा येतात!"

हे पायरीवरच बसले. बूट काढायला वाकले, पण नाडीची गाठच सुटेना. शेवटी मी खाली बसून त्यांचे बूट काढले. ते पुटपुटत शिव्या देत होते; मला की मास्तरांना, ते कळलं नाही.