सुमीच्या वाट्याची पेज

तोकुजी सकाएने जन्मभर दोनच कामं मन लावून केली. रेशमाचे धागे चिखलाच्या खाचरात बुडवून काळे करायचे आणि बायकोला दुखवायचं नाही. पहिलं काम गुडघ्यांनी सोडायला लावलं, पण नखांतला काळा रंग काही गेला नाही. दुसरं काम अजून चालू होतं आणि त्याचा त्याला उगाच अभिमानही होता.

जपानच्या आमामी बेटावरच्या त्याच्या वाडीत बांधाबांधावर सायकसची झाडं, बुटक्या ताडासारखी. रेशीम काळं करणारं चिखलातलं लोह कमी पडलं की त्यांची पानं खाचरात टाकायची, आणि लाल बियांचं पीठ करून तांदळाबरोबर पेज शिजवायची. बी मात्र विषारी. ती फोडून, वाळवून पिंपात भिजत घालायची आणि विष उतरेपर्यंत पाणी बदलत राहायचं. त्यात आळस चालत नाही. तोकुजीची बायको मित्सुए या कामात इतकी पक्की, की शेजारणी आपलं पीठ तिला दाखवूनच मग चुलीवर ठेवत.

वसंतात बेटावरची सगळी कुत्री रक्त द्यायला जातात. डासांमुळे हृदयात जंत होतात, त्याची तपासणी करूनच औषध सुरू करायचं असतं. तोकुजीही आपल्या सुमीला घेऊन गेला. कोळशासारखी काळी, अंगाने भरलेली आणि डोक्याने थोडी आगाऊ अशी ही कुत्री. जनावरांच्या डॉक्टर होत्ताबाईंनी कागद पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला.

"आजोबा, जंत नाहीत. पण त्याच रक्तात यकृताचीही तपासणी केली. आकडे फार वर गेलेत."

"हात्तिच्या! दारू पितो मी आणि यकृत बिघडलं हिचं?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "जेवण कमी झालंय? उलट्या?"

"छे हो! आज सकाळीच शेजारच्या कोंबड्यामागे बांध ओलांडून गेली. शेजारीण अजून शिव्या घालतेय."

"तीच तर भीती आहे. यकृत मुकाट्याने सोसत राहतं. बाहेरून दिसायला लागतं, तोवर फार उशीर झालेला असतो. सायकसच्या बिया खाते का?"

"हुंगतसुद्धा नाही."

"मग खायला काय देता?"

"दुकानातलं कुत्र्याचं खाणं," तोकुजी म्हणाला. ते खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं, की थंडीच्या सुरुवातीला वर्षभराचं पीठ दळलं, तेव्हापासून मित्सुएची पेज बिघडली होती. मागे एक कडवट चव राहायची. आधी त्याने दोष आपल्या जिभेला दिला. मग ती लोणचं आणायला आत वळली, की तो वाटी ओसरीखाली सुमीच्या भांड्यात रिती करू लागला. जिच्या पेजेचं वाडीभर नाव, तिला तोंडावर कडू कसं म्हणायचं? मित्सुए रिकामी वाटी पाहून खुलायची.

"अहो, आज तर वाटी चाटूनपुसून खाल्लीत!"

"तुझ्या हातचं मागे कोण ठेवील?"

डॉक्टरांकडून आल्यावर मात्र त्याने सुमीची पेज बंद केली. कुत्रीला पेज सोसत नसेल, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं. तो वाटी गटारात ओतू लागला, औषधाची गोळी रताळ्यात घालून सुमीला भरवू लागला, रोज तिचे डोळे उजेडात धरून पिवळे झालेत का ते बघू लागला. मित्सुए चेष्टा करायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं होतंत का हो?"

खरंच पाहिलं नव्हतं.

पावसाळा लागायच्या आत दुसरी तपासणी झाली. आकडे निम्म्याने उतरले होते. तोकुजीचा जीव भांड्यात पडला आणि त्या भरात तो बोलून गेला, "पेज बंद केली ना मी तिची! सायकसची. हल्ली कडू लागते, म्हणून माझी वाटी हिला घालत होतो."

होत्ताबाईंच्या हातातलं पेन थांबलं. "कडू लागते? आजोबा, ती पेज घरात आणखी कोण खातं?"

"मी नाही खात," तो झटकन म्हणाला. मग सुमीला ओढत तो गाडीकडे धावला.

गाडी त्याने कशी चालवली, त्याचं त्यालाच ठाऊक नाही. घरी येऊन तो आधी मागच्या पडवीत गेला. पिंपाचं झाकण आणि भिंत यांच्यामध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं, जुनं, धूळ बसलेलं. जाळं फाडून त्याने झाकण उचललं. पाण्याला दाट साय आली होती.

"मित्सुए! पिंपातलं पाणी कधी बदललंस?"

"सकाळीच की," आतून आवाज आला, स्वच्छ, ठाम. ती खोटं बोलत नव्हती. करपलेली किटली, दोनदा मीठ पडलेलं सूप, या सगळ्याला तो म्हातारपण म्हणून हसला होता.

तो आत आला. मित्सुए जेवायला बसली होती. तिची वाटी अर्धी झाली होती आणि त्याची वाटी काठोकाठ भरून समोर ठेवली होती.

"अगं, पेज कडू आहे," तो म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

तिने आणखी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला आणि त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "मला तर गोड लागतेय. हल्ली भूकच नसते, म्हणून ही तेवढी दोन्ही वेळा खाते."

तोकुजीने तिच्या हातातून वाटी ओढून घेतली. पेज त्याच्या काळ्या नखांवर सांडली. खिडकीतून ऊन तिच्या चेहऱ्यावर आलं होतं. तिचे डोळे कधीपासून असे पिवळे दिसत होते, हे त्याला आठवेना. वाटीचा आवाज ऐकून सुमी ओसरीखाली येऊन शेपूट हलवत उभी राहिली होती.