एकाच पत्र्यावरचे दोन चेहरे

हायडेलबर्गला आलो तेव्हा नवऱ्याला नोकरी होती आणि मला भरपूर वेळ. पुण्यात मी तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरून छापे काढायला शिकले होते. जर्मन शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, एका निवृत्त पास्टरांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, जुन्या छापील चित्रांची यादी करायला कोणीतरी हवंय. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले.

पास्टर ऐंशीच्या घरातले, ताठ आणि नेटके. आयुष्यभर त्यांनी एकाच माणसाची चित्रं जमवली होती. सतराव्या शतकातला इंग्लंडचा एक आर्चबिशप. चर्चमध्ये वेदी कुठे असावी, लोकांनी कुठे वाकावं, हे सक्तीने लादून त्याने अर्धा देश अंगावर घेतला आणि शेवटी त्याचा शिरच्छेद झाला. काहींना तो हुतात्मा वाटला, काहींना राक्षस. पास्टरांनी म्हणून दोन फोल्डर केले होते, एक चाहत्यांनी छापलेल्या चित्रांचा, एक शत्रूंनी छापलेल्या.

तिसऱ्या आठवड्यात शत्रूंच्या फोल्डरमधलं एक चित्र मी भिंगाखाली धरलं. ओठ आवळलेले, डोळे बारीक, खाली निंदेच्या चार ओळी. झग्याच्या पांढऱ्या बाहीवर एक तिरकी, पुसट रेघ होती. कोरताना हत्यार निसटलं की अशी रेघ पडते. माझ्याकडून कितीदा पडली होती. आणि नेमकी हीच मी आधी पाहिली होती. चाहत्यांच्या फोल्डरमधून शांत, मायाळू चेहऱ्याचं एक चित्र काढलं. तीच रेघ, त्याच जागी. मग पुन्हा पहिलं चित्र घेतलं. आवळलेल्या ओठांखाली जुन्या ओठांची कड अजून दिसत होती. कोणीतरी पत्र्यावरचा चेहरा तेवढा घासून नवा कोरला होता.

"हे दोन्ही एकाच पत्र्याचे छापे आहेत," मी पास्टरांना सांगितलं.

"नाही. मी मोजलंय. एक चित्र तीन मिलिमीटरने लहान आहे."

"कागद ओला करून छापतात. वाळला की तो आकसतो, आणि प्रत्येक कागद वेगळा आकसतो."

"आल्झो, हे बघा, चाळीस वर्षं मी ही चित्रं बघतोय."

"तुम्ही बघताय. मी पत्रे कोरलेत."

ते कॉफी करायला उठले. शब्द मागे घ्यावेत असं मला वाटलं नाही.

घरी नवरा म्हणाला, "अगं, चित्रं त्यांची. ते म्हणतील तसं लिही ना."

"चुकीचं माझ्या हाताने नाही लिहिणार."

"मग करून दाखव. आमच्या ऑफिसात तरी नुसतं सांगून कोण ऐकतं?"

ते पटलं. जर्मनचा वर्ग भरायचा त्याच इमारतीत छापे काढायचं एक लहान यंत्र होतं. वहीच्या पानाएवढा पत्रा आणून मी त्यावर एक हसरा म्हातारा कोरला आणि छापला. मग त्याचा चेहरा घासून रागीट केला आणि वेगळ्या कागदावर पुन्हा छापला. हाताची सवय मोडली होती, दोन बोटांना फोड आले. चार दिवसांनी पत्रा आणि दोन्ही छापे पास्टरांच्या टेबलावर ठेवले.

त्यांनी पट्टी लावली. दीड मिलिमीटरचा फरक निघाला. पुन्हा मोजलं. मग स्वतःची दोन चित्रं शेजारी ठेवून ते बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते हळूच म्हणाले. "म्हणजे चाहते आणि शत्रू एकाच दुकानात जात होते?"

"ते मला माहीत नाही. पत्रा एक होता, एवढं नक्की."

त्यांना हसू आलं. त्यांनी दोन्ही फोल्डर टेबलावर रिकामे केले आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्यापर्यंत अशी आणखी एक जोडी सापडली; ती त्यांनी शोधली. यादी पुरी झाल्यावर त्यांनी ती एका संग्रहालयाला पाठवली, त्यांच्या नावाच्या वर माझं नाव घालून. संग्रहालयातून मला अर्ध्या वेळेच्या कामासाठी फोन आला. मी पूर्ण वेळ मागितला, आणि तो मिळाला.