अंगाला न बांधायचा दोर

वाळलेला भोपळा कानाशी धरून हलवला की आतल्या बियांचा आवाज येतो. कोरडा, हलका, दूर कुठेतरी वाळूवरून पाणी सरकत असल्यासारखा. वैशाखातल्या त्या दुपारी अंगणातल्या निंबाखाली केतकीनं, माझ्या नातीनं, माळ्यावर सापडलेला तसला एक भोपळा माझ्या हातात ठेवला. समोरच्या वाफ्यांवर उन्हाचा पांढरा जाळ पसरला होता, स्वयंपाकघरातून आमरसाचा वास येत होता आणि मी मात्र श्रावणातल्या मातकट पाण्याच्या वासानं गुदमरत होतो.

तो भोपळा बाईचा होता. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. आमचा भाजीचा मळा अरुणावतीच्या या काठाला आणि मानोऱ्याचा बाजार त्या काठाला. पूल तेव्हा नव्हता. नदी भरली की वांगी-मेथीची टोपली सांगडीवरून पलीकडे जायची. या सांगडीसाठी वडील वेलावरचे थोराड भोपळे तोडायचेच नाहीत. ते वेलावरच वाळू द्यायचे आणि मग एकमेकांना बांधायचे. सांगड न्यावी ती बाईनंच. ती कधी सरळ पलीकडे जायची नाही. काठानं वर उंबरापर्यंत चालत जायची, तिथं पाण्यात शिरायची आणि नदी जिकडे नेईल तिकडे तिरपी तिरपी वाहत खालच्या धोंडीपाशी अलगद बाहेर निघायची. वाहून जाणं आणि पोहणं यांच्यामधली ती काहीतरी तिसरीच, सुंदर गोष्ट होती. मला शिकवताना म्हणायची, "भाऊ, तिच्या आडवा नको येऊ. तिच्या बाजूनं चाल, सोबत चालल्यावानी."

केतकी पुण्यात नोकरी करते. घरी कुणालाही न सांगता ती मालवणला जाऊन स्कूबा शिकून आली. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं घर जमलेलं असताना तिनं सांगून टाकलं की पुढच्या आठवड्यात ती अंदमानला जाणार आहे, समुद्राच्या आतल्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारी पहिली डुबकी घ्यायला. ड्रिफ्ट डायव्हिंग म्हणतात त्याला. घरात एकच कालवा उठला. आमच्या घरातल्या मुलींची पावलं बाईनंतर घोट्याच्या वर पाण्यात गेलेली नाहीत. माझी मुलगी नदीकाठी वाढून नदीला परकी राहिली. माझे थोरले चुलतभाऊ गुलाबदादा बाजेवरून म्हणाले, "वाशिम जिल्ह्यात पेयाले पाणी नाई, अन् हे पोट्टी समुद्र धुंडाळून राह्यली!" सगळे हसले. मग त्यांचा आवाज उतरला. "एक गेली ना व आपल्या घरातली? हट्टी होती. आयकलं नाई कोनाचं. आता तुले काहून जा लागते?"

केतकी उठून माझ्याकडे निंबाखाली आली, तो भोपळा माझ्या हातात ठेवला आणि तळहाताची मासोळी करून मला समजावू लागली. पाण्यात सगळ्यांनी एकदमच उतरायचं, नाहीतर प्रवाह एकेकाला वेगळीकडे नेतो. नवख्यानं जोडीदाराला आणि गाईडला नजरेआड होऊ द्यायचं नाही. एकदा तळाजवळ पोचलं की पाय मारायचे नाहीत, अंग आडवं सोडून द्यायचं. प्रवाहच नेतो आणि खालची पोवळी, मासे आपल्या अंगाखालून सरकत जातात. उलटं पोहायचा हट्ट धरला की दम संपतो, टाकीतली हवा संपते. जिथून उतरलो तिथं परत यायचंच नसतं; नाव आपल्यामागून येत असते. तिला कळावं म्हणून वर एक नारिंगी फुगा तरंगतो आणि त्याची दोरी खाली गाईडच्या हातात असते.

"अन् आबाजी, ती दोरी हातातच धरायची. अंगाला बांधायची नाही कधीच. कुठं अडकली, ओढ बसली, तर सरळ सोडून द्यायची. हे पहिल्यांदा शिकवतात."

मी भोपळा पुन्हा कानाशी धरला आणि आतल्या बिया वाजल्या.

त्या श्रावणात पूर मोठा होता. बाई उंबरापाशी उतरणार, इतक्यात काठावरच्या बाप्यांनी तिला अडवलं आणि कमरेला दोर बांधायला लावला. तिनं नाही म्हटलं. तिचं कुणी ऐकलं नाही. हट्टी ती नव्हती. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं, कारण मी भाऊ. मधल्या धारेत दोर ताणला गेला. ज्या पाण्यानं तिला सोबत न्यायचं तेच आता तिच्या अंगावरून जाऊ लागलं. एकदाच तिचं तोंड वर आलं आणि ती ओरडली, "सोड, भाऊ!" पाण्याच्या सगळ्यात जवळ मी होतो, मीच ऐकलं. मागून बाप्ये ओरडत होते, "सोडू नको रे, धरून ठेव!" मी धरून ठेवलं. दोर तुटेपर्यंत धरून ठेवलं.

नंतर गावानं आपली गोष्ट रचली: पोरगी शेफारली होती, पुरात शिरली, नदीनं नेली. मी ती गोष्ट खोडली नाही. माझ्या त्या गप्प बसण्यावर या घरानं पोरींसाठी कुंपण बांधलं. आखाजीला आमच्याकडे सगळ्या पितरांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. बाईच्या नावाची घागर कधी भरली गेली नाही. पाण्यानं नेलेल्याला पाणी कशाला, असं म्हणत. यंदाही बाकीच्या घागरी भरून झाल्या होत्या; निंबाखालून उठून मी माठाजवळून एक रिकामी घागर उचलली, भरली आणि इतरांच्या रांगेत ठेवली.

"हे कोनाची?" गुलाबदादांनी विचारलं.

"बाईची," मी म्हणालो, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. सूनबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. गुलाबदादा पांढरेफटक पडले. "आमी तं तिच्या भल्यासाठीच वरडत होतो बा."

"वरडत व्हते तुमी. पण हात माह्ये व्हते. ते तुमच्यात वाटून घेत नाई मी. पण तिले हट्टी म्हनू नका. या अंगनात पुन्हा कोनी म्हनलं, तं मी या घरचं पानी नाई पेनार."

माझा मुलगा विलास, केतकीचा बाप, घागरीपाशी आला. मग म्हणाला, "बाबा, इतकी वर्षं..." तो मला क्षमा करील की नाही, मला ठाऊक नाही. ती मागायला मी उभा राहिलो नव्हतो. दोषाचं ओझं माझ्या अंगावर राहू द्या, वय झालं तरी खांदे अजून शाबूत आहेत. ते ओझं पोरींच्या गळ्यात बांधू देणार नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, "पोरीले जाऊ दे." निघायच्या दिवशी तिची बॅग त्यानंच एसटीत चढवली.

आज सकाळी तिचा फोन आला. वाऱ्यानं तिचं अर्धं बोलणं उडून जात होतं. "आबाजी, नावेत बसलो. आता खाली जातो. वर आली की फोन करते."

समोर अरुणावती आटून पडली आहे, वाळूत पाण्याची एक रेघ तेवढी चमकते. अंगणातल्या बाजेवर बसून मी त्या रेघेकडे पाहतो आहे. या क्षणी माझी नात दूर कुठल्यातरी निळ्या पाण्याखाली, हातपाय न मारता, प्रवाहाच्या सोबतीनं जात असेल. आणि तिच्या शेजारून, उंबरापाशी उतरलेली, कमरेला काहीच न बांधलेली आणखी कुणी. फोन शेजारी आहे. तो अजून वाजलेला नाही. हात दुखू लागला तेव्हा पाहिलं, बाजेची दोरी मी मुठीत घट्ट आवळून धरली होती. एकेक बोट उचलून मी ती सोडतो आहे.