लूमचा पट्टा

भाऊबीजेला दिघाशीला जायचं म्हटलं की आमच्या ह्यांना सकाळपासून धीर नसतो. आक्का, यांची मोठी बहीण, ओवाळल्याशिवाय तोंडात घास घालत न्हाय. आणि नेमका त्याच दिवशी आमच्या जुन्या गाडीचा पट्टा तुटला. फाटकन! इंजिनापुढचा, डायनामो फिरवणारा. गाडी दारातच अडली.

बाजार बंद, रिक्षावाले सगळे गावाला गेलेले. मी म्हटलं, "खुंटीवर हाय की एक."

तर हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काय मी मंगळसूत्र विकायला सांगितलं.

"तो लूमचा हाय, सीता."

"लूम कुठं हायत आता?" मी पडले फटकळ, बोलून गेले.

मागच्या शेडमध्ये आमचे लूम होते, कापड विणायचे यंत्रमाग. नवीन लग्न होऊन टेमघरला आले तेव्हा त्या खटखटीने डोकं उठायचं माझं. मेली एकदाची बंद पडो, असं कितीदा म्हटलं असेल. पडली. लूम भंगारात गेले, शेड गोडाऊनवाल्याला दिली. यांनी तेवढा एक कोरा पट्टा ठेवून घेतला. "परत चालू केले तर लागंल," म्हणायचे. दसऱ्याला पूजायला लूम न्हायत, म्हणून त्या पट्ट्यालाच हळद-कुंकू नि झेंडूचं फूल. मी हसायचे. तो पट्टा गाडीला घालायचा म्हणजे लूम आता परत येत न्हायत, हे कबूल करायचं. ते यांच्याने होत नव्हतं.

तेवढ्यात आक्काचा फोन. "निघालास का रे? ताट करून बसलेय मी."

हे उठले, पट्टा काढला, त्यावरचं कुंकू पुसलं न्हाय. नट ढिला करून डायनामो आत ढकलला, पट्टा चढवला, सळईने डायनामो ताणून नट आवळला. पट्टा अंगठ्याने दाबून बघितला, लूमच्या मोटरचा बघायचे तसाच. जरा मोठा होता, पण बसला.

गाडी चालू केली तर सैल पट्टा वाजायला लागला. खटखट, खटखट. दिघाशीपर्यंत तोच आवाज. काय सांगू, त्या आवाजाने माझा जीव कासावीस झाला. ज्याला जन्मभर शिव्या घातल्या, तोच मला हवा होता.

आक्का दारातच उभी. हे गाडी बंद करीनात, खालीही उतरेनात.

"अरे ये ना आत."

"थांब जरा आक्का," हे म्हणाले. "ऐक तरी."

लग्नाआधी आक्काने त्याच शेडमध्ये लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. तिला दुसरं काही सांगावं लागलं न्हाय. ताट घेऊन ती गाडीजवळ आली आणि खिडकीतूनच भावाला ओवाळलं. मग पुढे गेली, बॉनेटला हळद-कुंकू लावलं, हात जोडले.

यांनी चावी फिरवली. सगळं गप्प झालं, आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले.