झाडून काढलेली बाग

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, माणसांशी कमी आणि झाडांशी जास्त बोलायचे. घरामागे त्यांची कोकोची साठ झाडं. कुठल्या झाडाकडे कोण येतं, हे त्यांना तोंडपाठ. कुंपणाजवळच्या सावरीकडे वटवाघळं, पांगाऱ्याच्या लाल फुलांवर पक्षी, नारळाकडे मधमाश्या. "पण कोकोकडे कोण येतं, ते चाळीस वर्षांत एकदाही दिसलं नाही. चोरून येतो मेला!" कोकोचं फूल बुंध्यालाच लागतं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि एक-दोन दिवसांत गळतंसुद्धा.

मी स्वच्छतेची वेडी. बागेतला कुजका पाला, केळीचे सडके बुंधे, फोडलेल्या फळांची टरफलं बघून माझं डोकं फिरायचं. चिलटं डोळ्यांत जायची ती वेगळीच. "पडलंय ते पडू दे, सूनबाई," अण्णा म्हणायचे. त्यांचा पाय मोडला, ते महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा मी डाव साधला. दोन बायका लावून बाग अंगणासारखी लख्ख केली आणि ढीग पेटवून दिला. नंतरही दर आठवड्याला झाडत राहिले. अण्णा काठी टेकत बाग फिरून आले आणि "छान" म्हणाले. मी काय हरखले!

त्या मोसमात झाडं फुलांनी लगडली आणि फळं धरली सात. साठ झाडांना सात! पुढच्या वर्षी चार. "तोडून टाकू," नवरा म्हणाला. अण्णांनी मान डोलावली. "माझ्यासारखीच म्हातारी झाली ती. त्यांचा काय दोष?" मग ते बागेत जाईनासे झाले. जेवणही निम्म्यावर आलं.

तोडायच्या आदल्या दिवशी मी नवी रोपं बघायला रोपवाटिकेत गेले. तिथला माणूस सहज म्हणाला, "कोको लावणार असाल तर खाली पाला कुजू द्या हं. त्या फुलात एक चिलट शिरतं, टाचणीच्या डोक्याएवढं. ते पाल्यातच वाढतं. चिलट नाही तर फळ नाही."

मला तो पेटवलेला ढीग आठवला. घरी येऊन लगेच सांगायचं ना? जीभच उचलेना. नवरा काय म्हणेल, जाऊबाई किती हसतील, याचंच मला पडलं होतं. लाज वाटते आता.

सकाळी करवतवाले आले. नवरा त्यांच्यासोबत बागेत. अण्णा खिडकीकडे पाठ करून बसले. झाड पडल्याचा आवाज आला की त्यांचे खांदे हलायचे. अकरा झाडं पडेपर्यंत मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. मग ओल्या हातांनीच त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं ओकून टाकलं.

मला शिव्या हव्या होत्या. पण अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे झाडं म्हातारी नव्हती? आणि चोर ते चिलट होय!" काठी न घेताच ते खिडकीशी गेले आणि ओरडले, "थांबवा रे!"

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. एकोणपन्नास झाडं फळांनी वाकलीत. मी रोज टोपलीभर सालं नेऊन बुंध्यांशी टाकते. वाटेत ते अकरा खुंट लागतात. नवरा कधीकधी म्हणतो, "अण्णांची नजर बघ. नेमकी तेवढीच म्हातारी होती." अण्णांनी त्याला तसंच सांगितलं होतं. मी "हो" म्हणते आणि टोपली रिकामी करते.