‘घरी जनावरं नाहीत’

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित — तरी जीभ अडखळतेच.

माझ्या सासऱ्यांना, बाबांना, दोन महिने ताप येत होता. ठाण्याच्या हॉस्पिटलात इकोच्या पडद्यावर मला त्यांचं हृदय दाखवलं. झडपेवर काहीतरी चिकटलेलं होतं, आणि प्रत्येक ठोक्याला ते हात केल्यासारखं हलायचं. जंतुसंसर्ग — पण कुठला जंतू? लॅबमधून रोज एकच निरोप, रक्ताच्या बाटल्यांत काहीच वाढलेलं नाही. आत काहीतरी जिवंत होतं आणि कुणाला सापडत नव्हतं. मला त्या पडद्याची भीती वाटायची.

डॉक्टरांनी विचारलं, “घरी गाय, शेळी? एखादं जनावर व्यायलं, तेव्हा हे जवळ होते?”

कसं सांगू? आमचा टॉवर शीळफाट्याला, सासरच्याच जमिनीवर. मागच्या उरल्यासुरल्या तुकड्यात बाबांनी एक शेळी ठेवलेली. गेल्या वर्षी ती अडली, तेव्हा त्यांनीच स्वतःच्या हातांनी तिला सोडवली. पिल्लू मेलेलं निघालं. त्यांचा रक्ताळलेला सदरा मीच भिजत घातला होता.

पण शेजारी माझी आई उभी होती, डोंबिवलीहून आलेली. जनावरं केव्हाच विकली, असं तिला मी लग्न ठरल्यापासून सांगत आलेले. लाज वाटायची मला — दुसरं काय?

“नाही,” मी म्हणाले. “टॉवरमध्ये कुठली जनावरं?”

बाबा जागे होते. डॉक्टर त्यांच्याकडे वळले. बाबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

“सून सांगते तेच खरा,” ते म्हणाले.

आठ दिवस मी गप्प राहिले. मग सासूबाईंनीच बोलता बोलता शेळीचा विषय काढला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, तर त्याच म्हणाल्या, “तिला कुठला ठाऊक, ती नोकरीला जाते.” मी मान हलवली. हो, हलवली. शेळ्यांपासून येणाऱ्या जंतूची वेगळी तपासणी झाली, तोच सापडला, औषध सुरू झालं — पण तोवर झडप फाटली होती. बाबा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले.

शेळी अजून आहे. संध्याकाळी, बाबा पाला घालायचे त्या वेळेला, ती मान वर करून आमच्या बाल्कनीकडे बघत उभी राहते. सातवा मजला — तिला काय दिसणार? तरी मी पडदा ओढून घेते.

परवा आई राहायला आली होती. चहा पिता पिता म्हणाली, “अगं, शेळी ओरडतेय का कुठे?”

बाजूच्या कुणाची तरी असेल, मी म्हणाले.