सात जाड की दहा बारीक

कॅल्गरीच्या आमच्या ऑफिसात दुपारच्या जेवणाला दोन पक्ष असायचे. एक फोर्टी-फाइव्हवाल्यांचा आणि एक नाइन एमएमवाल्यांचा. ही पिस्तुलाच्या गोळ्यांची मापं, पहिलं जाड, दुसरं बारीक. मी तेलाच्या पाइपलाइनी डिझाइन करायला आलो होतो. घरातला पहिला पदवीधर. त्यामुळे कोणी काही शिकवत असेल तर खाली मान घालून शिकायचं, एवढंच मला ठाऊक होतं.

फोर्टी-फाइव्ह पक्षाचे पुढारी आमचे साहेब होते. अल्बर्टातल्या शेतावर वाढलेला, दारातून तिरका आत येणारा माणूस. सगळे त्यांना नावाने हाक मारत. मी मनातल्या मनात साहेबच म्हणत असे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पिस्तुलात सातच गोळ्या मावल्या तरी चालेल, पण गोळी जाड हवी. "समोरचा एका गोळीत बसला पाहिजे."

नाइन एमएमचा पुढारी आमचा नागपूरकर सहकारी. "अन् नेम चुकला त बावा? सात गोळ्या भिंतीत घालून हात जोडून उभा राहशील काय? बारीक गोळ्या घे, पण भरपूर घे."

यात गंमत अशी की कॅनडात पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या चालतच नाहीत. म्हणजे भांडण फक्त तीन गोळ्यांचं होतं. शिवाय स्वसंरक्षणासाठी पिस्तूल कमरेला लावून फिरायला परवानगी नाही. घरी ते रिकामं करून, ट्रिगरला कुलूप घालून, वर पेटीत बंद ठेवायचं. बाहेर न्यायचं ते फक्त नेमबाजीच्या रेंजवर. तरी हे दोघं रोज एका काल्पनिक चोराला जेवणाच्या टेबलावर बोलावत आणि आपापल्या मापाने मारत.

दर शनिवारी ही सगळी मंडळी शूटिंग क्लबात जात. सोमवारी त्यावर हसत. मी मधे डबा उघडून बसलेला, कुठे हसायचं ते न कळणारा. म्हणून मी कोर्स केला, लायसन काढलं. साहेबांच्या शिफारशीने क्लबाचं तात्पुरतं सभासदत्व मिळालं. कायमचं मिळायला क्लबच्या सुरक्षा अधिकारी बाईंसमोर एक परीक्षा द्यावी लागे. बाईंनी नाही म्हटलं की विषय संपला. मला पिस्तुलाचं फार नव्हतं. मला ते शनिवार हवे होते.

बायकोला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"अहो, म्हणजे चोर आल्यावर आधी तुम्ही पेटीची किल्ली शोधणार?"

"हो."

"मग ट्रिगरच्या कुलपाची?"

"हो. आणि मग गोळ्यांच्या कपाटाची."

"काल गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडली, भेंडीखाली. तोवर चोराला मी काय देऊ, पोहे?" तिने लाटणं दाराकडे रोखलं. "तिथे बर्फ उपसायचं शोव्हल उभं आहे. गोळी एकच, पण केवढी जाड बघा. लायसन नको, किल्ली नको."

साहेबांच्या पक्षात अशी एक सभासद वाढली.

दुकानात माझ्या एका खांद्याशी साहेब, दुसऱ्याशी नागपूरकर. मला लहानपणीच्या गोट्या आठवल्या. माझा नेम असा होता की खिसा भरून घेऊन निघालो तरी रिकामा परतायचो. माझ्यासारख्याने भरपूर घेऊन निघणंच बरं. मी नाइन एमएम घेतलं. परतताना गाडीत साहेब एका सिग्नलला एवढंच म्हणाले, "मच्छर मारायला बरं आहे."

त्याच महिन्यात अण्णा, माझे वडील, गावाहून आमच्याकडे आले होते. जन्मभर एसटीच्या डेपोत मेकॅनिक. खंडेनवमीला डेपोतल्या पान्यांची पूजा व्हायची, गाड्यांना झेंडूच्या माळा लागायच्या. माझ्या कॉलेजच्या कॅल्क्युलेटरलासुद्धा अण्णांनी एकदा कुंकू लावलं होतं. बेरजेचं बटण पुढे कायम लाल राहिलं.

तर कॅल्गरीत खंडेनवमी आली. झेंडू थंडीने केव्हाच गेले होते, म्हणून ग्रोसरीतून शेवंतीची कुंडी आणली. पाटावर माझा लॅपटॉप, बायकोची सुरी, नट आवळायचे पाने, स्क्रूड्रायव्हर. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं.

"घरात खरं हत्यार असताना स्क्रूड्रायव्हर काय पूजतोस? काढ बाहेर."

मी पेटी उघडली. कोर्समध्ये शिकवलं होतं, पिस्तूल खाली ठेवताना वरची स्लाइड मागे ओढून उघडीच ठेवायची, म्हणजे आत गोळी नाही हे कोणालाही दिसतं. शिकवलं ते मी करतो. मॅगझिन काढलं, स्लाइड उघडी ठेवली आणि पिस्तूल पाटावर आडवं केलं.

"हिच्यात गोळ्या किती बसतात रे?" अण्णांनी विचारलं.

"दहा."

"अन् दुश्मन किती?"

"एकही नाही, अण्णा."

"मग पुष्कळ झाल्या," म्हणून त्यांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि डेपोत अख्ख्या बसवर टाकायची सवय असलेल्या हाताने मूठभर अक्षता टाकल्या.

आरती झाली. मी उचलायला गेलो तर अण्णा ओरडले, "ए! पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी हलवायचं नाही. अक्षता तशाच राहू दे."

इकडे कायदा म्हणत होता, ताबडतोब कुलूप. मी दोघांचाही मान राखला. ट्रिगरला कुलूप लावलं, आणि अक्षता न झटकता, शेवंतीसकट, झोपलेलं बाळ उचलावं तसं पिस्तूल पेटीत ठेवलं. दसरा शुक्रवारी झाला, श्रीखंड झालं, आणि शनिवारी सकाळी तीच बंद पेटी घेऊन मी परीक्षेला गेलो. अक्षता डोक्यातून साफ गेल्या होत्या.

सुरक्षा अधिकारी बाई बारीक, पिकल्या केसांच्या. क्लबात सगळे त्यांना वचकून असत. साहेब आणि नागपूरकर मागे उभे. मी पेटी उघडली. आत शेवंतीच्या पाकळ्या. बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला.

मी शिकवल्याप्रमाणे नळी समोर लक्ष्याकडे ठेवली, कुलूप काढलं, आणि आतला भाग त्यांना दिसावा म्हणून पिस्तूल किंचित कलतं केलं. स्लाइडमधून, मुठीच्या पोकळीतून, टपटप टपटप लाल तांदूळ टेबलावर पडू लागले. थांबेचनात.

बाईंनी एक दाणा चिमटीत धरला. "हे कोणत्या कॅलिबरचं आहे?"

"बासमती," मागून नागपूरकर म्हणाला. मग मला मराठीत, "अबे, दहाच्या वर भरून राहिला ना तू! कायद्यात बसते काय हे?"

"फोर्टी-फाइव्ह घेतलं असतंस," साहेब गंभीरपणे म्हणाले, "तर राजमासुद्धा मावला असता."

माझे शनिवार गेले, असं वाटलं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी खरं ते सांगितलं. डेपो, पाने, अण्णा, झेंडूऐवजी शेवंती, एकीकडे कायदा आणि दुसरीकडे दसरा. बोलता बोलता कॅल्क्युलेटरचंही सांगितलं, ज्याची काही गरज नव्हती.

बाईंनी सगळं ऐकलं. "नळीत तांदूळ असताना गोळी झाडली असतीस तर?"

"नसती झाडली. आधी आत बघायचं असतं. तुम्हाला दाखवायचं असतं. तसं शिकवलंय."

"हं." त्यांनी दाणा टेबलावर ठेवला. "मला एवढंच बघायचं होतं. आता तिकडे जा आणि शेवटचा दाणा निघेपर्यंत साफ कर."

साफ करायला साहेब बसले माझ्याबरोबर. ब्रशने मुठीतले दाणे काढता काढता म्हणाले, "नाइन एमएम म्हणजे वैताग. सगळं बारीक, सगळं अडकतं." त्यानंतर मी दहा गोळ्या झाडल्या. कागदाला दोन लागल्या. सात असत्या तर कदाचित एकही लागली नसती, हे मी साहेबांना अजून ऐकवतो.

कायमच्या सभासदत्वाचं कार्ड मिळालं. पुढच्या शनिवारी गेलो तर क्लबाच्या फळ्यावर नवी सूचना होती: पिस्तुलात अन्नपदार्थ ठेवू नयेत. सोमवारी जेवणाच्या टेबलावर सगळे त्यावर हसले, आणि या वेळी कुठे हसायचं ते मला आधीच माहीत होतं.

पुढच्या वर्षी साहेबांनी स्वतः विचारलं, "तुझा तो तांदळाचा सण कधी?" पिस्तूल आमच्या घरी आणायची परवानगी नव्हती, म्हणून खंडेनवमीला ते लाकूड कापायची आपली चेनसॉ घेऊन आले. अण्णा गावी परतले होते, तेव्हा कुंकू मी लावलं. अक्षता मात्र बायकोने मोजून चारच टाकू दिल्या. पाटाच्या मध्यभागी तिने आधीच शोव्हल आडवं ठेवलं होतं. साहेबांनी त्याची पाती अंगठ्याने चाचपली आणि तिला म्हणाले, "बरोबर. एकच, पण जाड."